साठावी दाढ

९ जानेवारी

मामा,

साष्टांग नमस्कार घालायला इथे जागा नाही. विभागातल्या प्रयोगखोलीत बसले आहे, टेबलावर सूक्ष्मदर्शक, शेजारी दातांच्या बरण्या आणि पायाशी कुणाची तरी सायकल. तेव्हा खुर्चीवरूनच वाकते, गोड मानून घे.

फोन केला असता, पण फोनवर तू दर वाक्याला 'काय?' म्हणतोस आणि मग मामी माझं म्हणणं तुला तिच्या पद्धतीनं सुधारून सांगते. मागच्या वेळी मी माझ्या प्रबंधाबद्दल दहा मिनिटं बोलले आणि तुझ्यापर्यंत पोचलं ते एवढंच, की मी वेळेवर जेवत नाही.

तर नीट सांगते. दाताच्या मुळात एक बारीक नळी असते, तिच्यात नस. नस सडली की माणूस कळवळतो. दात काढून टाकायचा नसेल तर ती नळी आतून साफ करून भरून टाकायची, त्याला रूट कॅनाल म्हणतात. साफ करायला फाईल लागते. फाईल म्हणजे तुमची कानसच, फक्त केसाएवढी. पूर्वीपासून ती बोटांनी फिरवतात, आणि आता लवचिक धातूच्या, मशीनवर फिरणाऱ्याही आल्या आहेत. मूळ सरळ असेल तर कुणीही शहाणा ठरतो. वाकडं असलं की फाईल वळणावर अडते, भिंतीत घुसून पायरी पाडते, नाहीतर तुटते आणि टोक आतच राहतं. अशा वाकड्या मुळांत कोणतं हत्यार आणि कोणती पद्धत बरी, हा माझा विषय. काढून टाकलेल्या साठ दाढा घ्यायच्या, त्यांतल्या वीस हातानं साफ करायच्या, वीस मशीननं, आणि वीस आधी हातानं वाट करून मग मशीननं.

आता रडगाणं. माझ्याकडे वाकड्या मुळांच्या दाढा आहेत फक्त एकतीस. आणि माझा हात जड आहे. सरावासाठी प्लॅस्टिकचे ठोकळे मिळतात, त्यांत आयती वाकडी नळी असते. वीस ठोकळ्यांत मी सात फायली तोडल्या. मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, काल शांतपणे म्हणाल्या की मार्चपर्यंत हात सुधारला नाही आणि साठ दाढा जमल्या नाहीत तर विषय बदलावा लागेल. विषय बदलला की वर्ष गेलंच. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुला लिहायचं कारण असं की आमच्या पुस्तकात चक्क लिहिलंय: हातघड्याळाला चावी देतात तशी फाईल फिरवावी. मी ते वाक्य वाचून कपाळाला हात लावला. सगळं लहानपण तुझ्या दुकानात काढलं आणि चावी द्यायला शिकले नाही. आता शिकव. आणि तुझ्या ओळखीत कुणी दातांचे डॉक्टर असतील तर काढलेल्या दाढा फेकू नका म्हणावं.

तुझी,
हात जड झालेली भाची


१९ जानेवारी

अखंड खटपटी भाचीस अनेक आशीर्वाद.

सातव्या वर्षी माझं गजराचं घड्याळ उघडून त्याचे चौतीस भाग उशीखाली लपवणारी तू. पुढे लोकांच्या दातांत हात घालशील हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तुमच्या पुस्तकात आमच्या चावीचं नाव निघालं हे वाचून मी दुकानात दोघांना थांबवून ते वाक्य वाचून दाखवलं. एकाला त्यात काडीचा रस नव्हता, पण त्याचं घड्याळ माझ्यासमोर उघडं पडलेलं असल्यामुळे त्यानं ऐकून घेतलं.

तू चावी देतेस मनगटानं, हे मी कधीपासून बघतोय. मनगट घरी ठेवून यायचं. काम अंगठ्याचं आणि त्याच्या शेजारच्या बोटाचं. पुढे पाव फेरा, मागे पाव फेरा. पुढे जाताना विचारायचं, मागे येताना उत्तर ऐकायचं. स्प्रिंग आतून 'बास' म्हणते ते बोटाला कळतं. 'बास' ऐकून थांबणारा कारागीर वाईट नाही, पण त्याच्या स्प्रिंगा तुटतात. ती म्हणायच्या किंचित आधी जो थांबतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येतं. हे पत्रात लिहून कळणार नाही, म्हणून एक जुनं हातघड्याळ पाठवतोय. त्यात मुद्दाम थकलेली स्प्रिंग बसवली आहे. डोळे मिटून रोज चावी दे. जोर केलास की ती तुटलीच म्हणून समज.

आता आनंदाची बातमी. माझ्या दुकानाच्या बरोबर खाली ज्यांचा दवाखाना आहे, ते डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे खालचे डॉक्टर म्हणतो, त्यांनी अकरा दाढा दिल्या. आल्या तेव्हा त्यांच्याकडे बघवत नव्हतं. असला माल माझ्या हातून पुढे जाणं शक्य नाही. मी त्या दिवसभर पेट्रोलमध्ये बुडवल्या, ब्रशनं घासल्या, दिव्याखाली खडखडीत वाळवल्या आणि चामड्यावर पॉलिश केल्या. प्रत्येक दाढ वेगळ्या डबीत, कापसावर, नंबर घालून ठेवली आहे. तुमच्या मॅडमना दाखव. काम कसं असतं ते त्यांनाही कळू दे.

जाता जाता एक विचारतो. माझं एक गिऱ्हाईक आहे, साठीचा भला माणूस. त्याची खालची उजवी दाढ, मागून दुसरी, गार पाण्यानं कळ देते. अशा वेळी नुसतं दुर्लक्ष केलं तर चालतं ना?

मामा


२७ जानेवारी

मामा,

पार्सल उघडलं तेव्हा सगळा विभाग गोळा झाला. अकरा डब्या, अकरा चकचकीत दाढा. मॅडमनी एक उचलली, उजेडात धरली आणि विचारलं की ही खोटी आहे का. मी म्हटलं, खरी आहे, पण माझ्या मामानं पाठवली आहे. त्या हसल्या. मॅडमना हसताना मी दोन वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, आणि हे श्रेय तुझं आहे.

आता ऐक, आणि रागावू नकोस. यातली एकही दाढ चालणार नाही. दात तोंडात सतत ओला असतो. तो वाळला की ठिसूळ होतो, आतून बारीक तडे जातात. मी तुझ्या पाच नंबरच्या दाढेत फाईल घातली आणि दाढेचे दोन तुकडे झाले. तुझ्या घड्याळांना जे अमृत, ते माझ्या दातांना विष. काढल्या काढल्या दाढ औषधी पाण्यात पडली पाहिजे, घाणेरडी दिसली तरी.

सोबत त्या पाण्याच्या बरण्या पाठवतेय. शिवाय फॉर्म आहेत. आमच्याकडे नीतिमत्तेची समिती असते, तिचा नियम असा की दाढेच्या मालकानं दाढ काढायच्या आधी फॉर्मवर सही करायची आणि ती का काढतोय ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. फॉर्म नसेल तर दाढ मोजत नाही. हे काम तुझ्यासारख्या काटेकोर माणसाचं आहे, म्हणून तुझ्यावर टाकते.

तुझ्या गिऱ्हाइकाला सांग, दुर्लक्ष करून आजवर कुणाची दाढ बरी झालेली नाही. कळ गार पाणी गिळल्यावरही रेंगाळत असेल तर नसेपर्यंत पोचलंय. खालच्या डॉक्टरांना दाखवू दे.

स्प्रिंग तुटली. पहिल्याच दिवशी. घड्याळ परत पाठवतेय.

भाची


२१ फेब्रुवारी

खटपटे,

त्या अकरा दाढांवरून मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. ते दोन दिवस फार सुखाचे गेले असं तुझी मामी शेजारीपाजारी सांगत फिरली.

दोनदा नवी स्प्रिंग बसवून पाठवलेलं घड्याळ परवा तिसऱ्यांदा परत आलं आणि या वेळी स्प्रिंग शाबूत होती, फक्त एका जागी ताणलेली दिसली. म्हणजे तू 'बास' ऐकून थांबतेस. प्रगती आहे. आता आधी थांब.

सोबत चौदा दाढा, पाण्यात, जशा मिळाल्या तशा. बरणीकडे बघून माझा हात शिवशिवत होता, पण मी स्वतःला आवरलं. फॉर्म सगळे भरलेले आहेत. त्यासाठी मी पंधरा दिवस सकाळी खालच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर बसलो. माणूस आधीच घाबरून आलेला असतो, दारात त्याला मी दिसतो, मांडीवर बरणी, हातात फॉर्म. तिघं उठून गेले. मग डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि अगदी गोड शब्दांत सांगितलं की तुम्ही वर बसा, मी दाढा वर पाठवतो. एका शिक्षिकेनं मात्र फॉर्मवर 'का काढताय' या रकान्यात दोन पानं लिहिली आहेत. त्यात तिच्या मुख्याध्यापकांचाही उल्लेख आहे. समितीनं वाचायला हवं.

त्या गिऱ्हाइकाचं म्हणशील तर तो आता डावीकडून चावतो. गार सोडलं, मग गोड सोडलं. त्याच्या बायकोला संशय आलाय, पण तो म्हणतो, वयानं आवडी बदलतात. डॉक्टरकडे जायचं म्हटलं की तो विषय बदलतो. मोठा माणूस आहे, त्याला कोण सांगणार?

किती कमी पडतात ते कळव.

मामा


१३ मार्च

मामा,

दोन गोष्टी सांगायच्या आहेत आणि कोणती आधी सांगू कळत नाही.

मी वीस ठोकळे केले आणि एकही फाईल तुटली नाही. काल मॅडम मागे उभ्या राहून बघत होत्या, मला पत्ताच नव्हता, कारण मी डोळे मिटले होते. दहा नंबरची, म्हणजे अगदी बारीक फाईल, टोकाला किंचित वाक दिलेला, पाव फेरा पुढे, पाव मागे. वळणावर ती काहीतरी म्हणणार होती आणि मी आधीच थांबले. मागे घेतली, पाणी सोडलं, पुन्हा गेले, आणि ती वळली. मामा, ती वळली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतच बसल्या बसल्या नाचले. मॅडम म्हणाल्या, हे कुठे शिकलीस. मी म्हटलं, घड्याळाच्या दुकानात. त्यांनी विषय चालू ठेवायला परवानगी दिली.

दुसरी गोष्ट: दाढा एकोणसाठ झाल्या. तुझ्या चौदा, इथल्या दवाखान्यांतून चौदा आणि आधीच्या एकतीस. एक कमी. मंजूर आराखड्यात साठ लिहिलंय, म्हणजे साठच. एक एप्रिलला काम सुरू करायचं आणि मला एक वाकडी दाढ मिळत नाही. या आठवड्यात आलेल्या सगळ्यांची मुळं काठीसारखी सरळ. रोज बरणीत डोकावते.

तुझ्या त्या गिऱ्हाइकाला कान धरून डॉक्टरांकडे ने. आणि घड्याळ दुरुस्तीला आलेला माणूस तुला दाढेपासून बायकोपर्यंत सगळं सांगतो, म्हणजे तू हल्ली भलताच मनमिळाऊ झाला आहेस. पूर्वी तर गिऱ्हाइकाला 'गुरुवारी या' याच्यापुढे तू काही बोलत नव्हतास.

भाची


२१ मार्च

खटपटे,

साठावी मिळाली. मुळं इतकी वाकडी आहेत की खालच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून तोंडात बोट घातलं. ते म्हणाले, ही मी साफ करायला घेणार नाही, मोठ्या कॉलेजात जा नाहीतर काढून टाका. मी म्हटलं, काढा. शनिवारी चार वाजता काढणार आहेत. तुझा नियम आहे म्हणून फॉर्म आधीच पाठवतोय. दाढ सोमवारी निघेल.

फॉर्म मालकानं स्वतः भरला आहे, अक्षर ओळखीचं वाटलं तर आश्चर्य मानू नकोस. आता निश्चिंत मनानं कामाला लाग.

मामा

दाढेच्या मालकाचा व्यवसाय: घड्याळ दुरुस्ती.
कोणती दाढ: खालची उजवी, मागून दुसरी.
दाढ काढण्याचं कारण, स्वतःच्या शब्दांत: भाचीला एक कमी पडते.


२७ मार्च

भाचीबाईंना कोपरापासून नमस्कार.

तू मला पत्र लिहिणार नाहीस हे मामीच्या तोंडून कळलं, म्हणून मीच लिहितो. शनिवारी तुझ्या बाजूला काय झालं ते तुला माहीत आहे. माझ्या बाजूला काय झालं ते आता ऐक.

मी चार वाजता खुर्चीत बसलो. इंजेक्शन झालं. उजवा गाल, अर्धी जीभ, ओठ, सगळं दुसऱ्या कुणाचं तरी झालं. डॉक्टरांनी चिमटा उचलला आणि फोन वाजला. त्यांनी तो घेतला आणि लगेच कानापासून हातभर लांब धरला. मला आयुष्यात पहिल्यांदा फोनवरचं सगळं ऐकू आलं. तू म्हणालीस, "ती दाढ काढायची नाही. ती मी वाचवणार आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मला बरंच सांगायचं होतं. भाचीचं वर्ष आहे, माझ्याकडे अजून सत्तावीस दात आहेत, आणि दाढ माझी आहे, तिचं काय करायचं ते मी ठरवीन. पण बधिर ओठानं वाद घालता येत नाही. तोंडातून नुसती लाळ आली. डॉक्टर म्हणाले, तुमची भाची म्हणते ते मला पटतंय. चिमटा त्यांनी ताटलीत ठेवून दिला. मी भूल ओसरेपर्यंत त्यांच्या बाकावर बसून राहिलो.

मी चुकलो असं मला अजून वाटत नाही. दुखरी दाढ होती, तुला वाकडी हवी होती, माझी सगळ्यात वाकडी. इतकी सोय कुठे होते? मी फॉर्ममध्ये खोटं लिहिलं असतं तर आत्ता काम झालंही असतं. पण रकान्यात 'स्वतःच्या शब्दांत' असं छापलंय.

तू रागावली आहेस, ते रागावणं मला कळतं. तरी दोन ओळी लिही.

मामा

त्यांनी पाकीट चिकटवायच्या आधी मी घेतलं. ते गिऱ्हाईक माझ्याच घरी राहतं हे मला जानेवारीपासून ठाऊक होतं. विचारलं की म्हणायचे, दाढ उत्तम आहे. तीन महिने या माणसानं कळ सोसली आणि कुणाला सांगितलं नाही, आणि काढायला निघाले ते कुणासाठी, तर तुझ्यासाठी. मला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. आता तू घे. मी त्यांना घेऊन येते. तारीख कळव. — मामी


३१ मार्च

मामा,

रागावले होते. आता नाही. पण तीन महिने मी तुझ्या गिऱ्हाइकाला पत्रातून सल्ले देत होते आणि तू ते वाचून घडी घालून ठेवत होतास, हे मी तुला विसरू देणार नाही.

तुझा फॉर्म शनिवारी तीन वाजता हातात पडला. तुझं अक्षर मी ओळखलं, पण खालची ओळ मी दोनदा वाचली. मग मला पुढचं काही दिसेना. तेवढ्यात मॅडम आल्या, त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, वाचला आणि फक्त म्हणाल्या, फोन कर. घरी लावला तर मामी म्हणाली, ते खालच्या डॉक्टरांचं घड्याळ द्यायला गेलेत. मी फॉर्मवरच्या शिक्क्यातला नंबर फिरवला. दातांच्या डॉक्टरनं दुसऱ्या दातांच्या डॉक्टरवर असं ओरडू नये. मी त्यांची क्षमा मागितली आहे.

समितीचा नियम स्पष्ट आहे. संशोधनासाठी म्हणून कुणाचा दात काढायचा नाही. तू काढला असतास तरी मला तो वापरता आला नसता. आणि मी दिवसभर जे करते ते काय करते? वाकड्या मुळाचा दात काढून टाकावा लागू नये म्हणून करते. ही साठ दाढांची सगळी खटपट तुझ्या एका दाढेसाठीच आहे, हे मला तुझा फॉर्म वाचून कळलं. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी हे इतकं नीट लिहिलेलं नाही.

मॅडम तोच फॉर्म घेऊन समितीकडे गेल्या. आकडेवारी बघणारे सर म्हणाले, तिसऱ्या गटात एकोणीस असल्या तरी गणित बसतं. एकोणसाठला परवानगी मिळाली, तीही एकाच बैठकीत. समितीला एकमत व्हायला एरवी दोन महिने लागतात.

आता खरं सांगते, मामा. मला भीती वाटते. तुझा एक्स-रे खालच्या डॉक्टरांनी पाठवला. पुढच्या मुळाचं वळण मी आजवर ठोकळ्यांतही केलेलं नाही. मॅडम म्हणतात, तूच कर, मी शेजारी उभी राहीन. पण फाईल तुटली तर तिचं टोक तुझ्या दाढेत राहील, कदाचित कायमचं. मॅडमनी केलं तर जास्त बरं होईल का? तू सांग. तू म्हणशील तसं.

भाची


५ एप्रिल

खटपटे,

फाईल तुटली तर टोक माझ्याकडे राहील. तुझीच वस्तू आहे, मी जपून ठेवीन.

मॅडमना माझा नमस्कार सांग. त्यांनी शेजारी उभं राहावं, खुर्ची हवी तर खुर्ची घ्यावी. हात तुझाच.

मंगळवारच्या गाडीनं येतो. मामी माझ्या शेजारी बसणार आहे, कारण वाटेत मी उतरून जाईन अशी तिला खात्री आहे. तिचा अंदाज फारसा चुकीचा नाही.

मामा


२ मे

खटपटे,

घरी सुखरूप पोचलो. आज तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण पहिल्या दिवसापासून लिहायला बसलो की मला काय म्हणायचंय ते जमत नव्हतं. आज जमेल असं नाही, पण लिहितो.

मी घाबरलो होतो. खुर्चीच्या हातांवर माझी बोटं रुतली होती ते तू पाहिलंस आणि पाहिलं नाही असं दाखवलंस, त्याबद्दल आभार. तोंडावर रबराचा पडदा आला, बोलणं संपलं. मला वाटलं होतं, आता काहीतरी घरघरेल. पण तू आधी बारकी फाईल घेतलीस आणि खोलीत शांत झालं.

दाढ बधिर होती, पण जबड्याचं हाड बधिर नव्हतं. सगळं हाडातून कानापर्यंत येत होतं. पुढे पाव, मागे पाव. मी डोळे मिटले आणि मोजायला लागलो. चाळीस वर्षं मी लोकांची घड्याळं हातात घेतली, मी स्वतः कधी कुणाच्या हातातलं घड्याळ झालो नव्हतो. तू उतरत होतीस. एका जागी तू थांबलीस. मीही तिथेच थांबलो असतो. परत गेलीस, आणखी थोडं खाली, पुन्हा थांबलीस, आणि मी मनात म्हटलं, बरोबर. तिसऱ्यांदा वळणावर मला वाटलं की आता पोरगी जाणार, जोर करणार, कारण तिथे कुणालाही मोह झाला असता. तू थांबलीस. माझ्याही आधी थांबलीस.

तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तू विचारलंस, दुखतंय का. मी 'नाही' म्हणून मान हलवली, तुम्हाला ते 'हो' वाटलं. मॅडमनी आणखी भूल द्यायला सांगितली आणि मला ती घ्यावी लागली, कारण तोंडात इतकं सामान असताना मला खरं सांगता येईना. दुखत नव्हतं. मला तुझा अभिमान वाटत होता. इतका, की तिथे बसवेना. हे तोंडावर सांगायला हवं होतं, पण पडदा निघाला तेव्हा मामी समोर उभी होती आणि तिच्यासमोर मला असलं बोलता येत नाही.

मग तू मशीन लावलंस. पाच मिनिटांत त्यानं जे केलं ते बघून, म्हणजे ऐकून, मी त्याला मनातल्या मनात जी नावं ठेवली होती ती मागे घेतो. चांगलं हत्यार आहे. तरी वाट तुझ्या बोटांनी काढली होती, आणि ते त्या वाटेनं गेलं, हे लक्षात असू दे.

परवा मामीनं चणे दिले. मी उजवीकडून खाल्ले. ती समोर बसून प्रत्येक चणा मोजत होती.

उरलेल्या एकोणसाठांना घाई करू नकोस.

मामा


१६ जुलै

मामा,

काल तोंडी परीक्षा झाली. निकाल शेवटी सांगते, तू आधी शेवट वाचू नकोस. मामी, त्यांच्या हातातून पत्र घे आणि तू वाचून दाखव.

बाहेरून दोन परीक्षक आले होते. एक सर बारीक, सतत पेनाचं टोपण उघडबंद करणारे, दुसऱ्या मॅडम काही न बोलता माझा प्रबंध शेवटापासून वाचत होत्या. मी निष्कर्ष सांगितले. निव्वळ हाताच्या गटाला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि वळणं थोडी सरळ झाली. मशीननं काम झटपट झालं, पण अगदी अरुंद नळ्यांत दोन फायली तुटल्या. आधी हात आणि मग मशीन, हा तिसरा गट सगळ्यांत चांगला निघाला. एकही फाईल तुटली नाही, आणि मुळांचे आकार होते तसे राहिले. हे माझ्या एकोणसाठ दाढांचं सांगणं आहे, जगातल्या सगळ्या दाढांचं नाही, तेही मी सांगितलं.

सरांनी टोपण बंद केलं. म्हणाले, सगळं ठीक आहे, पण पहिल्या दोन गटांत वीस-वीस आणि ज्या गटाचं तुम्ही इतकं कौतुक करता त्यातच एकोणीस. चांगला दिसावा म्हणून एखादी नको असलेली दाढ वगळलीत की काय? विसावी कुठे आहे?

परवानगीचं पत्र प्रबंधाला जोडलेलं होतं, पान क्रमांक पाठ होता, पण मला तो आठवेना. मी जे खरं होतं ते सांगितलं. "सर, ती तिच्या मालकाच्या तोंडात आहे. तो ती वापरतो आहे."

मग आमच्या मॅडम उठल्या आणि तुझे दोन्ही एक्स-रे त्यांच्यापुढे ठेवले, आधीचा आणि नंतरचा. सोबत तुझा फॉर्म. सरांनी एक्स-रे उजेडात धरला. वळणावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, इथे पहिल्यांदा कशानं गेलात. मी म्हटलं, हातानं, दहा नंबरनं. त्यांनी तो शेजारच्या मॅडमकडे दिला. त्या मॅडमनी फॉर्म वाचला, मग पुन्हा एक्स-रे बघितला, आणि दोन तासांत पहिल्यांदा बोलल्या. त्यांनी विचारलं, मामा कसे आहेत.

मी उत्तीर्ण झाले, मामा. बाहेर व्हरांड्यात येऊन मी भिंतीला टेकून रडले आणि मग सायकलवाल्या मैत्रिणीला धरून हसले, दोन्ही एकदमच.

सही करताना सर म्हणाले की प्रबंधातल्या एकोणसाठ दाढा आम्ही मान्य केल्या, पण साठावीबद्दल तिच्या मालकांना आमच्याकडून कळवा, काम उत्तम झालंय.

तर कळवलं.

तुझी भाची